चाळ पाडता येते, मग मेलेला बंधारा का नाही?



चार दिवस पेजवर काही टाकलं नाही. वरळीला गेलो होतो, बीडीडी चाळीत, थोरल्या भावाकडं. पुतणीचा साखरपुडा होता. आता चाळ म्हणायचं ते सवयीनं. दादाला मागच्या ऑगस्टात, २०२५ ला, नव्या टॉवरमधल्या घराची किल्ली मिळाली. पहिल्या ५५६ घरांत त्याचा नंबर लागला. आमचे वडील गिरणीत होते, खोली त्यांच्या वेळेपासूनची. १६० चौरस फूट, मजल्यावर २० खोल्या, संडास सगळ्यांचा मिळून. त्या खोलीत आम्ही गावाकडनं गेलो की १२-१३ माणसं झोपायचो, जागा पुरली नाही तर बाहेर गॅलरीत. आता ५०० चौरस फुटाचं घर आहे. वहिनीनं मला आधी संडास दाखवला, मग देवघर.

साखरपुडा झाला, रात्री गप्पा चालल्या होत्या. पुतण्यानं मोबाईल पुढं केला. "काका, हे बघा. अमेरिकेत धरणं फोडली आणि मासे परत आले." दादा लगेच भडकला. "येड्या, धरण फोडायचं म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय. तुला काय कळतंय शेतीतलं?" खरं सांगतो, माझ्याही तोंडात तेच वाक्य आलं होतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, धरण म्हणजे देव. त्याला हात लावायचा नाही, जोडायचा.

पण खिडकीतनं खाली बघितलं. वरळीत अशा १२१ चाळी होत्या, इंग्रजांनी १९२० च्या दशकात बांधलेल्या. काही पाडल्यात, काही अजून उभ्या आहेत. शंभर वर्षं लाखो माणसांना आसरा दिला त्या भिंतींनी. तरी पाडल्याच ना? कोणी म्हणालं नाही की चाळ पाडणं म्हणजे कामगाराच्या पोटावर पाय. उलट चाळीतले लोकच वर्षानुवर्षं मागणी करत होते. का? तर भिंतीचं काम संपलं होतं, राहणाऱ्याला धोका झाला होता, आणि आधी पर्यायी घर देऊ असं कबूल केलं होतं.

मग माझा सवाल असा, की हाच हिशोब नदीतल्या बांधकामाला का नाही?

पहिल्यांदा अमेरिकेचं नीट सांगतो, कारण अर्धवट माहितीवर भांडणं होतात. क्लामाथ नावाची नदी आहे. तिच्यावरची चार धरणं २०२३-२४ मध्ये पाडली. ती चारही विजेची होती. शेतीला पाणी देणाऱ्या कामात जी वरची धरणं आहेत, लिंक रिव्हर आणि कीनो, ती तशीच ठेवली. त्यांना माशांसाठी पायऱ्या आहेत. म्हणजे शेतकऱ्याचा पाट कोणी बंद केला नाही. नदीकाठच्या आदिवासी लोकांनी वीस वर्षं ही लढाई केली, कारण २००२ साली त्या नदीत हजारो सामन मासे एकदम मेले होते. पाडकाम संपल्यावर काही आठवड्यांतच मासे धरणांच्या जुन्या जागा ओलांडून वर गेलेले दिसले. त्याच्या आधी एल्वा नदीवरची दोन धरणं २०११ ते २०१४ मध्ये टप्प्याटप्प्यानं काढली. त्यातलं जुनं १९१३ चं. माशाला वर जायला वाटच ठेवली नव्हती.

आता कोणी म्हणेल, तो समुद्रातनं येणारा मासा, आपल्याकडं कुठं आहे? बरोबर आहे, आपला मासा वेगळा. पण पावसाळा सुरू होताना चढणीचे मासे आपल्याला कोणी शिकवायला नकोत. पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्याला गढूळ पाणी आलं, की मासा प्रवाहाच्या उलटा वर निघतो. पोटात गाबोळी असते. त्याला उथळ, ताज्या पाण्याची, भाताच्या खाचरांची जागा पाहिजे असते. तिथं अंडी घालतो, पिल्लं पाण्याबरोबर खाली येतात. महाशीरसुद्धा पावसाळ्यात असाच वर चढतो. आपल्या दख्खनी महाशीराला शास्त्रात 'खुद्री' नाव आहे. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रजानं १८३९ साली त्याची नोंद केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज पुण्यातल्या मुठेच्या पुलावर उभं राहा आणि सांगा काय दिसतं.

आमचं गाव मावळात. धरणांचं आम्हाला कौतुक सांगू नका, आम्ही धरणांच्या पोटातच राहतो. मावळ-मुळशीचं पाणी अडवून घाटाखाली सोडलं, खोपोलीला १९१५ ला, भिवपुरीला १९२२ ला, भिऱ्याला १९२७ ला वीज झाली. त्याच विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ ला सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते, जमिनी तरीही पाण्याखाली गेल्या. वडील म्हणायचे, "आपल्या ओढ्याचं पाणी माझ्या अगोदर गिरणीत पोचलंय." १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या. आता चाळही चाललीय. धरणं मात्र तिथंच आहेत. ती अजून वीज देतात, म्हणून ती उद्या फोडा असं मी म्हणत नाही. पण शंभर वर्षांत एकदा तरी बसून हिशोब मांडावा की नाही? खाली नदीच्या पात्रात बारमाही किती धार सोडायची, एवढं तरी विचारावं की नाही?

आणि आता माझ्या रानातली गोष्ट. ही नोंद त्यासाठीच आहे.

आमच्या ओढ्यावर एक केटी बंधारा आहे. मी तिशीत असताना झाला. पहिली चार-पाच वर्षं छान चालला. ढापे टाकायचे, पाणी अडायचं, मी त्या पाण्यावर कांदा आणि गहू काढलाय, हे नाकारणार नाही. मग ढापे गंजले, काही भंगारात गेले. ज्या खात्यानं बांधला त्यांच्याकडं मी स्वतः चार अर्ज दिले. कोणी फिरकलं नाही. गाळ भरत भरत खांबांच्या निम्म्यावर आला. आज फेब्रुवारीत तिथं पाणी नसतं, वरच्या अंगाला बेशरम आणि रान माजलंय. पुरात वाहून आलेली झाडं खांबात अडकतात, मग ओढा काय करणार? बाजूनं वाट काढतो. तीन वर्षांपूर्वी त्यानं माझा काठ कापला. सात गुंठे रान गेलं. काळी माती, आजोबांच्या वेळची. सात-बाऱ्यावर ते सात गुंठे अजून आहेत, जमिनीवर नाहीत.

आता भिंतीच्या खालची बाजू बघा. गाळ वर अडकतो, त्यामुळं खाली उतरणारं पाणी मोकळ्या हातानं उतरतं आणि तळ खरवडत जातं. आमच्या बंधाऱ्याखाली कमरेएवढी पायरी पडलीय. जूनमध्ये मासे तिथवर येतात, उड्या मारतात, भिंतीला आपटून परत पाण्यात पडतात. आणि खाली आपलीच पोरं जाळी, पाट्या, बादल्या घेऊन उभी. एका रात्रीत गाबोळीसकट पोतं भरतं. मीसुद्धा तरण्या वयात भरलंय. तेव्हा मजा वाटायची. आता वरच्या वाडीत माझ्या वयाची माणसं सांगतात, खाचरात मासा बघून कितीतरी वर्षं झाली.

म्हणजे बघा, हा बंधारा पाणी देत नाही, रान खातो आणि मासा मारतो. असल्या भिंतीला राखण कशाची?

यावर तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण मीच ते म्हणत आलोय.

एक, "बंधारा फोडला तर विहिरी आटतील." बरोबर शंका आहे. म्हणून आधी मोजा. डिसेंबर आणि फेब्रुवारीत बंधाऱ्यात किती पाणी उभं असतं, लगतच्या विहिरींची पातळी किती, दोन वर्षं वहीत लिहा. पाणी उभं राहत असेल, किंवा गाळ काढून आणि नवे ढापे बसवून राहणार असेल, तर तो दुरुस्त करा. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे, गाळ रानात न्या. माझं भांडण चालू बंधाऱ्याशी नाही. दुरुस्तही करायचा नाही आणि काढायचाही नाही, या आळसाशी आहे.

दोन, "माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही माशाचं घेऊन बसलात." अरे, मेलेला बंधारा माणसाला तरी कुठं पाणी देतोय? आणि मासा म्हणजे काय फक्त शौक आहे का? आमच्याकडं कातकरी, ठाकर आणि गरीब कुणब्याच्या घरी पावसाळ्यात तेच कालवण असतं. ते गेलं, त्याची भरपाई कुठल्या यादीत लिहिली?

तीन, "मत्स्यबीज सोडतात की." सोडतात, फोटोही काढतात. पण कटला, रोहू हे मुळात गंगेकडचे मासे. उजनीत जाऊन बघा, जाळ्यात जास्त काय येतं, तर चिलापी. ती तर आफ्रिकेची. लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांच्या केंद्रात महाशीराची पिल्लं गेली पन्नास वर्षं तयार करतात, ते काम चांगलंच आहे. पण पिल्लू सोडून उपयोग काय, मोठं होऊन त्याला वर चढायला वाट नसेल तर? कणगीत दाणे ओतायचे आणि खालचं भोक तसंच ठेवायचं, तसं झालं.

चार, "नदीत शहराचं सांडपाणी सोडतात, मासे त्यानं मरतात, बंधाऱ्यानं नाही." दोन्हीनं मरतात. पंचगंगेत दरवर्षी मेलेल्या माशांचा थर बंधाऱ्याशीच का साचतो? घाण वरनं येते आणि पाणी तिथं थांबतं. सांडपाण्यावर लढायचंच आहे. पण एका रोगाचं नाव सांगून दुसऱ्यावरचं औषध थांबवू नका.

आणि जुनं बांधकाम आपण काढलं नाही तर ते कायमचं टिकतं असं कोणी समजू नये. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं. ते धड वीस वर्षांचंही नव्हतं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. वीसच्या आसपास माणसं गेली. आपण वेळेवर काढलं तर दिवसा, उन्हाळ्यात, माणसं बाजूला ठेवून काढता येतं. पाण्यानं काढलं तर ते रात्री काढतं.

वरळीतच एक गोष्ट ऐकली. चाळीपासनं थोड्या अंतरावर कोळीवाडा. कोस्टल रोडच्या पुलाचे खांब जवळजवळ येत होते, मध्ये ६० मीटर जागा. कोळी बांधव म्हणाले, आमच्या होड्या लाटेत खांबावर आदळतील. काम अडवून धरलं. शेवटी एक खांब रद्द झाला आणि वाट १२० मीटर झाली. एवढ्या मोठ्या प्रकल्पाचा खांब होडीच्या वाटेसाठी निघतो, मग आमच्या ओढ्यातला गंजका बंधारा माशाच्या वाटेसाठी का निघत नाही? फरक एवढाच, की कोळ्यांची सोसायटी आहे, माशाची नाही. त्याच्या वतीनं ग्रामसभेत आपल्यालाच बोलावं लागणार.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे.

प्रत्येक गावानं आपल्या शिवारातल्या ओढ्या-नद्यांवरच्या बांधकामांची यादी करावी आणि प्रत्येकापुढं लिहावं, चालू, दुरुस्तीजोगा की मेलेला. कृषी सहायक आणि जलसंधारणवाल्या साहेबांनी त्यावर मोजमाप करून सही करावी.

चालू केटीचे ढापे पहिला पाऊस यायच्या आत निघालेच पाहिजेत. नियम तोच आहे, पाळत कोणी नाही.

मेलेला बंधारा ग्रामसभेच्या ठरावानं आणि खात्याच्या परवानगीनं काढावा. एकदम सुरुंग लावून नाही. आधी उन्हाळ्यात गाळ रानात न्यायचा, मग मधोमध खिंड पाडायची, एक पावसाळा बघायचं, मग उरलेलं. एकदम फोडला तर सगळा गाळ खालच्याच्या रानात जाईल, आणि तो शेतकरी तुम्हाला बरोबर शिव्या देईल. ज्याची मोटार त्या डोहावर असेल त्याला आधी शेततळं किंवा दुसरी सोय. चाळीतही आधी घराची सोय, मग पाडकाम. क्रम तोच.

आणि पहिल्या पावसाचे पंधरा दिवस भिंतीखाली जाळं लावायचं नाही. हे मी कोणाला उपदेश म्हणून सांगत नाही, माझ्या घरातली पाटी मी या वर्षी माळ्यावर टाकलीय.

निघताना दादा म्हणाला, "तू खरंच आपला बंधारा फोडायचं मांडणार ग्रामसभेत? लोक मारतील तुला." म्हटलं, "मारू दे. तू पण खोली सोडायला आधी तयार नव्हतास." तो हसला, मग म्हणाला, "वडिलांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं." नव्या घराबद्दल म्हणाला की ओढ्याबद्दल, मी विचारलं नाही.

ठराव लिहून झालाय. ग्रामसभेत काय होतंय ते इथंच टाकतो, बाजूनं गेलं तरी आणि विरोधात गेलं तरी. तुमच्या शिवारात असा मेलेला बंधारा असेल तर पाऊस यायच्या आत फोटो काढून ठेवा, वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचाही.

राम राम.