आकाश ऐकायचे तर...

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग नारायणगाव परिसरातून जाणार होता. तेथील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला, म्हणजे ‘जीएमआरटी’ला, बाधा येईल या कारणाने रेल्वे मंत्रालयाने मार्ग बदलण्याची भूमिका घेतली. ‘ताऱ्यांसाठी आमची गाडी का अडवता?’ हा या भागातील प्रवाशाचा आणि शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ही दुर्बीण कशी चालते, यात आहे.

खोडदला प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. ताऱ्याकडून येणारी रेडिओ लहर सगळ्या तबकड्यांवर एकाच क्षणी पोचत नाही. मायक्रोसेकंदात ती ३०० मीटर जाते. त्यामुळे कुठे आधी, कुठे नंतर. आधी आलेला संकेत तेवढाच वेळ थोपवून बाकीच्यांशी जुळवला, की त्या दिशेचा आवाज ठळक होतो आणि इतर दिशांचे आवाज फिके पडतात. दिंडीतल्या शंभर टाळांचा ठेका जुळावा, तसेच हे. थोपवण्याचा काळ बदलला की रोखही बदलतो. डॉ. गोविंद स्वरूप यांनी १९७० मध्ये उटीला उभारलेली ५३० मीटर लांबीची दुर्बीण उत्तर-दक्षिण दिशेत अशीच वळते. तिथे सांगाडा हलत नाही. १,०५६ छोट्या अँटेनांच्या संकेतांची कला बदलली जाते.

मात्र, एका दिशेला कान लावला म्हणून बाकीच्या दिशांचे कान बंद होत नाहीत. बाजूने थोडे झिरपतेच. आकाशातून येणारे संकेत तर इतके क्षीण, की चंद्रावर एखादा मोबाइल चालू असता, तर तो आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांत गणला गेला असता. मग काही किलोमीटरवर विजेच्या तारेवर उडणारी ठिणगी काय करील, याची कल्पना करता येते. २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा हाती आल्या, त्यात खोडदने वर्षानुवर्षे टिपलेल्या स्पंदक ताऱ्यांच्या नोंदींचा वाटा होता. अशा नोंदी गोंगाटात घेता येत नाहीत आणि एवढी दुर्बीण उचलून दुसरीकडे नेताही येत नाही. रेल्वेचा मार्ग मात्र कागदावर असेपर्यंत बदलता येतो.

म्हणून दुर्बिणीला जपण्याचा निर्णय योग्यच. पण या शांततेची किंमत एकट्या जुन्नर-आंबेगावने का मोजावी? दुर्बीण साऱ्या देशाची आहे. रेल्वे लांबून जाणार असेल, तर या तालुक्यांना तिच्या स्थानकापर्यंत नेणारे चांगले रस्ते आणि वेळेवर धावणारी एसटी द्यावी लागेल. मोबाइलचेही तसेच. ‘५जी’च्या मनोऱ्यावरील अनेक छोटे अँटेना याच तंत्राने लहर ग्राहकाच्या दिशेने वळवतात. तीच लहर खोडदकडे कमीत कमी जाईल, अशी मनोऱ्यांची आखणी कंपन्या आणि खगोलशास्त्रज्ञांनी एकत्र बसून करायला हवी. ग्रामस्थांना फक्त ‘नाही’ ऐकवण्यापेक्षा ‘कसे होईल’ हे सांगितले, तर या शांततेचे पहिले राखणदार तेच होतील.