खोटा भोंगा

पहारेकऱ्याचें मोल त्याच्या आरोळीवरून ठरत नाहीं, त्याच्या मौनावरून ठरतें. जो बाराही महिने गप्प असतो आणि चोर आला त्याच रात्रीं ओरडतो, त्याची आरोळी ऐकतांच सारा वाडा जागा होतो. उलट जो मांजर गेलें तरी ओरडतो, पान हललें तरी ओरडतो आणि कांहींच घडलें नाहीं तरीही ओरडतो, त्याच्या आरोळीनें लोक कूस बदलतात, यापलीकडे कांहीं होत नाहीं. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं तिच्यासाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालावीं काय, असें एखादा वाचक विचारील. त्याला आमची एवढीच विनंती आहे कीं, त्यानें गंगापूर रोडपासून इंदिरानगरापर्यंत आपल्या नाशिकच्या कोणत्याही वसाहतींत पावसाळ्यांतील चार रात्री खिडकी उघडी टाकून निजावें. दारापुढें उभ्या केलेल्या मोटारींपैकीं कोणती ना कोणती तरी, चोराचा मागमूस नसतां, गळा काढून ओरडते. आणि तिचा सुशिक्षित मालक, ती आपलीच आहे हें ओळखूनसुद्धां, पांघरूण डोक्यावर ओढून घेतो. या पांघरुणाविरुद्ध आमची तक्रार आहे.

खऱ्या इशाऱ्याची किंमत काय असते, हें नाशिककरांस कोणी बाहेरून येऊन शिकवावयास नको. गोदावरीस पूर आला म्हणजे आमचे लोक आंकडे विचारीत नाहींत. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यास पाणी लागलें कीं कमरेस, एवढेंच विचारतात. ऑगस्ट २०१९ मध्यें ती मूर्ति पाण्याखालीं गेली, तेव्हां 'मारुति बुडाला' या दोन शब्दांनीं जें काम केलें तें लांबलचक पत्रकानें झालें नसतें. त्या पाषाणाच्या शब्दाला हें वजन कां आलें? कारण नदी कोरडी असतां तो कधींही 'पूर आला' असें म्हणालेला नाहीं.

आतां दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं आम्ही आमचा गुन्हा कबूल करतों. गेल्या आषाढांत आमचीच मोटार रात्रीं अडीचच्या सुमारास ओरडूं लागली. पहिल्या रात्रीं आळींतील सहा खिडक्या उघडल्या, दोन गृहस्थ काठी घेऊन खालीं उतरले, आणि वरच्या मजल्यावरील हृदयविकारानें अंथरुणास खिळलेले आजोबा पहाटेपर्यंत उठून बसले. दुसऱ्या रात्रीं तीन खिडक्या उघडल्या. चवथ्या रात्रीं एकही उघडली नाहीं. आम्हांस वाटलें, शेजारी मोठे समजूतदार! पांचव्या रात्रीं पुन्हां भोंगा वाजला. साऱ्या आळीनें, आणि आम्हीं स्वतःही, तो आमचाच समजून कूस बदलली. परंतु तो भोंगा आमचा नव्हता. समोरच्या बंगल्यापुढील मोटारीची कांच फोडली जात होती, आणि ती बिचारी इमानानें मालकास हांक मारीत होती. सकाळीं त्या गृहस्थांची पिशवी आणि तिच्यांतील त्यांच्या मुलीचीं मूळ प्रमाणपत्रें नाहींशीं झालेलीं आढळलीं. चोर कोण हें आम्हांस अद्याप ठाऊक नाहीं. चोराचा साथीदार कोण, हें मात्र त्याच दिवशीं कळून चुकलें.

मोटार दाखविली तेव्हां कारागिरानें निदान न करतांच उपचार सांगितला : "वायर तोडून टाकूं, साहेब, सगळे तसेंच करतात." 'सगळे तसेंच करतात' हा आमच्या समाजाचा सर्वांत आवडता पुरावा आहे, आणि त्याच्या आधारावर कोणता गाढवपणा आजवर सिद्ध झालेला नाहीं? पण येथें त्या सल्ल्यांत नीतीचाच नव्हे तर विद्येचाही दोष होता. कित्येक मोटारींत भोंगा दोन तारांचा, साधा असतो. पेटींतून वीज आली कीं वाजतो, थांबली कीं थांबतो. परंतु दुसऱ्या एका जातीच्या भोंग्याच्या पोटांत स्वतःचे लहान सेल असतात. मोटारीची बॅटरी चालू असतां ते भरत राहतात. आणि चोरानें बॅटरीची तार तोडली तर त्यांच्या बळावर भोंगा स्वतंत्रपणें ओरडूं लागतो. म्हणजे ज्याची तार तोडली असतां तो ओरडावा म्हणूनच बनविला, त्याला गप्प करण्यासाठीं तार तोडावयाची! आमचा भोंगा याच जातीचा होता.

तेव्हां आम्हीं स्वतःच शोध करावयाचें ठरविलें. या शोधांत पांडित्य नाहीं. एका वेळीं एकच संशयित चौकशीस घ्यावयाचा, एवढा संयम मात्र लागतो. प्रथम मुख्य बॅटरी. रात्रभर स्वस्थ उभ्या असलेल्या मोटारीची बॅटरी मल्टिमीटरवर सुमारें १२.६ व्होल्ट दाखवील तर ती भरलेली. १२ च्या आसपास उतरली असेल तर जवळजवळ रिकामी, आणि अशा अशक्त बॅटरीमुळेंही भोंगा भलत्या वेळीं वाजतो. आमची १२.५ निघाली, ती निर्दोष सुटली. दुसरा संशयित बॉनेटखालचा लहानसा स्विच. त्यावर गंज किंवा चिखल बसला तर झांकण बंद असूनही तें उघडें आहे असें पेटीस वाटतें. तो पुसून, हातानें दाबून व सोडून मीटरवर पाहिला. तोही खरें बोलत होता. तिसरा, आंतील हालचाल टिपणारा सेन्सर. खिडकी बोटभर उघडी राहिली अथवा आरशाला लोंबणारा गणपति हलला तरी कांहीं मोटारी चोर शिरला असें समजतात. गणपतीस देव्हाऱ्यांत आणून ठेवलें, कांचा पूर्ण बंद केल्या, तरी रात्रीचा आक्रोश चालूच.

मग एक साधी खूण ध्यानांत आली, आणि जिज्ञासूंसाठीं ती आम्ही मुद्दाम नमूद करतों. भोंगा वाजत असतां बाहेर जाऊन दिव्यांकडे पहावें. चारी कोपऱ्यांतील पिंवळे दिवे त्याच्याबरोबर उघडझांप करीत असतील तर ओरडण्याचा हुकूम मध्यवर्ती पेटीकडून आलेला आहे. दोष एखाद्या स्विचांत किंवा सेन्सरांत शोधावा. दिवे विझलेले आणि भोंगा एकटाच ओरडत असेल तर बहुधा त्याला कोणी हुकूम दिलेला नाहीं. तो स्वतःच भ्रमिष्ट झालेला आहे. आमचे दिवे विझलेले होते. भोंगा काढून उघडला तेव्हां आंतील सेल फुटून त्यांतील क्षार बाहेर आलेला, आणि पट्टीवर पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारखा थर चढलेला दिसला. सात वर्षांचें म्हातारपण बॉनेटखालच्या उन्हांत आणि नाशिकच्या पावसांत काढल्यावर दुसरें काय व्हावयाचें?

नवा भोंगा बसविण्यास एक सकाळ पुरली. मोटारीचा पहारा बंद करून, पुस्तिकेंत दिलेल्या क्रमानें बॅटरीचें ऋण टोंक प्रथम सोडविलें. जुना भोंगा दोन बोल्ट काढून बाहेर घेतला. नवा त्याच जातीचा, त्याच जोडणीचा आणला. त्याचें तोंड खालीं राहील असें पाहिलें, नाहीं तर कर्ण्यांत पाणी सांचून पुढच्या वर्षीं हीच कथा. तारा तापणाऱ्या नळीपासून दूर बांधल्या, ऋण टोंक शेवटीं जोडलें. मग कांच खालीं घेऊन मोटार कुलूपबंद केली, थोडा वेळ थांबून आंत हात घालून दार उघडलें, आणि भोंगा वाजला. दुपारीं बारा वाजतां, सर्वांस अगोदर सांगून वाजविलेला तो आवाज किती गोड वाटला म्हणून सांगावें! जुने सेल मात्र घंटागाडींत टाकले नाहींत. २०२२ च्या नियमांप्रमाणें बॅटरीचा कचरा वेगळा द्यावयाचा असतो, आणि त्यांतील क्षार हातास लागूं नये म्हणून मोजे घालावे, हेंही येथेंच सांगून टाकतों.

आतां आक्षेपकांकडे वळूं. पहिला म्हणतो, "हें काम आमचें नव्हे, आम्ही लिहिणारे-वाचणारे." हा आक्षेप नाशिकमध्यें करण्यास तरी विशेष धैर्य पाहिजे. ज्या शहराच्या तांबट आळींत हातोडीच्या ठोक्यावर पिढ्या जगल्या, ज्याच्या सातपुरांत महिंद्राच्या मोटारी जुळविल्या जातात, आणि ज्याच्या बॉश कारखान्यांत, म्हणजे जुन्या लोकांच्या मायकोंत, इंजिनास तेल पुरविणारे नाजूक इंजेक्टर घडतात, त्या शहरांतील पदवीधरानें बॉनेट उघडतांना सोवळें मोडल्यासारखें तोंड करावें, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. हाताच्या कामाविषयींचा तिरस्कार म्हणजे विद्या नव्हे. तो आमच्या जुन्या जातिव्यवस्थेचा उरलेला गाळ आहे. प्रत्येकानें कारागीर व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. एअरबॅगच्या तारा, विद्युत् मोटारींतील नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या केबली, इंजिनास कुलूप घालणारी यंत्रणा यांना घरीं हात लावूं नये, हें आम्ही आवर्जून सांगतों. पण दोष कोठें आहे हें ओळखण्याइतकें ज्ञान मालकापाशीं असावें. मग पाना त्याच्या हातीं असो कीं मजुरी देऊन दुसऱ्याच्या. ज्याला प्रश्न विचारतां येत नाहीं, त्याला 'वायर तोडूं' हेंच उत्तर मिळावयाचें.

दुसरा आक्षेपक अधिक हुशार आहे. तो म्हणतो, "भोंगे मुळांतच निरुपयोगी, मग तोडले तर बिघडलें काय?" त्याच्या बाजूनें पुरावाही आहे. अमेरिकेंतील हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटनें १९९७ सालीं विम्याच्या दाव्यांचे आंकडे तपासले, तेव्हां भोंगा असलेल्या मोटारींच्या चोरीच्या नुकसानींत एकंदरींत घट दिसली नाहीं. आम्ही हा पुरावा नाकारीत नाहीं. उलट आमचा पक्ष त्यावरच उभा आहे. भोंगा चोराचा हात धरीत नाहीं; तो फक्त माणसांस हांक मारतो, आणि माणसें उठलीं तरच त्याचा उपयोग. त्यांनीं उठावयाचें कां सोडलें? शंभर हांकांपैकीं नव्याण्णव खोट्या निघाल्या म्हणून. 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट पोरांस सांगतांना आम्ही लबाड गुराख्यास हंसतों. पण गोष्टींतील लांडग्यानें फक्त त्याच गुराख्याचीं मेंढरें नेलीं. आमच्या आळींत ओरडलों आम्ही आणि मेंढरूं गेलें शेजाऱ्याचें! भोंग्यावरचा विश्वास ही साऱ्या आळीची सामाईक ठेव आहे. खोटा भोंगा ती उधळतो, आणि मुका भोंगा तिच्यांत कांहीं भर घालीत नाहीं.

तिसरा आक्षेपक केवळ आळशी आहे : "अर्ध्या मिनिटाचा तर आवाज, त्याचा एवढा बाऊ कशाला?" त्यानें थोडें गणित करावें. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीं निवासी भागांत रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मोटारीच्या भोंग्यासाठीं संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलींत दोन मीटरवर किमान १०५ डेसिबल आवाज अपेक्षिला आहे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. म्हणजे बत्तीस मीटरवरील खिडकींतसुद्धां तो ८१ च्या घरांत राहतो. दर १० डेसिबलमागें ध्वनीची शक्ति दहापट होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे ४५ आणि ८१ यांतील अंतर हें छत्तीसाचें नसून कांहीं हजारपटींचें आहे, हें कळतें. त्याच नियमावलीनें भोंग्यास एका वेळीं २५ ते ३० सेकंदच ओरडण्याची मुभा दिली आहे. एवढ्या अवधींत ज्याला यावयाचें तो येतो, असा त्यांतील हिशेब. खऱ्या संकटांत हा कर्कशपणा क्षम्य, नव्हे आवश्यक आहे. संकट नसतां तोच आवाज म्हणजे आजारी माणसाच्या उशाशीं केलेली मारहाण होय.

आमचें मागणें मोठें नाहीं. ज्याच्या दारीं मोटार आहे त्यानें वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, भरदिवसा, शेजाऱ्यांस सांगून आपला भोंगा वाजवून पहावा. खोटा वाजला तर आठवड्याच्या आंत त्याचें मूळ शोधावें. आणि मूळ सांपडेपर्यंत रात्रीं तीन वाजतां खालीं उतरून, पांघरुणाबाहेर येऊन, तो बंद करावा. गालिचे, पडदे, संगमरवरी फरशा यांवर खर्च करणाऱ्या घरांना नव्या भोंग्याचा खर्च जड जाईल असें आम्हांस वाटत नाहीं.

समोरच्या गृहस्थांकडे आम्ही त्याच आठवड्यांत गेलों आणि झालें तें सांगितलें. ते रागावले नाहींत. "तुमचाच भोंगा असेल असें आम्हांलाही वाटलें हो," एवढेंच म्हणाले. स्वतःची मोटार फुटत असतां त्या माणसानें ती हांक आमच्या खोट्या भोंग्याच्या खात्यावर मांडली होती. आमच्या मोटारीचा भोंगा आतां वर्षभर गप्प राहील अशी आमची इच्छा आहे, म्हणजे तो एखाद्या रात्रीं वाजला तर सहाही खिडक्या उघडतील.