चालतंय ते चालू द्यावं?

मंचरपासून आत, उसाच्या रानात माझ्या मामांची वस्ती आहे. पहाटे पाचला धारा काढायला जायचं असतं, पण मामी आधी दाराची कडी काढत नाही. उशाशी ठेवलेला मोबाईल उचलते. अंगण, गोठ्याचा कोपरा, उसाकडचा बांध, पाण्याची टाकी अशा चारही चौकटी पाहून घेते आणि मगच बाहेर पडते. जुन्नर-आंबेगावात याचं आता कुणाला नवल वाटत नाही. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र याच भागातलं. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली. त्यानंतर तर गोठ्यावरचा कॅमेरा चैनीची वस्तू राहिलाच नाही.

दिवाळीनंतर मामांच्या रेकॉर्डरने पडद्यावर सूचना द्यायला सुरुवात केली : फर्मवेअरची नवी आवृत्ती उपलब्ध आहे, अपडेट करायचं का? मामांनी कॅमेरे बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ‘चालतंय ना? मग हात लावू नका.’ मामांनी मला विचारलं, ‘तू शहरात राहतो, तूच सांग आता.’

त्या माणसाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आतल्या चिपमध्ये कायम बसलेला प्रोग्रॅम. रेकॉर्डर सुरू कसा व्हायचा, चित्र कसं साठवायचं, मोबाईलशी कसं बोलायचं, हे सगळं तो ठरवतो. अपडेट करताना जुना प्रोग्रॅम पुसून त्या जागी नवा लिहिला जातो. काम पाच-दहा मिनिटांचंच, पण नेमकी तेवढ्यात वीज गेली तर अर्धा पुसलेला, अर्धा लिहिलेला रेकॉर्डर पुन्हा सुरू होईलच असं नाही. वस्तीवरच्या विजेचा भरवसा काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय एकाच कंपनीच्या, बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांत आतला बोर्ड वेगळा असू शकतो. दुसऱ्याच मॉडेलची फाईल घातली तरी यंत्र बसतं.

पण हात न लावण्यालाही किंमत असते, आणि ती दिसत नाही म्हणून आपण ती हिशेबात धरत नाही. २०१६मध्ये ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले घरगुती कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. युक्ती साधीच होती. कारखान्यातून येतात ते साठेक नाव-पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचे. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला याच यंत्रांनी मिळून ‘डिन’ या अमेरिकन कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या. ज्यांच्या घरात ती यंत्रं होती त्यांना पत्ताही नव्हता, कारण कॅमेरे नेहमीसारखे चालूच होते. ‘चालतंय ना’ ही कसोटी तिथेच फसते.

दुसरं उदाहरण सप्टेंबर २०२१चं. हिकव्हिजनच्या अनेक कॅमेऱ्यांमध्ये अशी त्रुटी उघड झाली की पासवर्ड नसतानाही बाहेरच्या माणसाला आत शिरता येत होतं. कंपनीने सुधारित फर्मवेअर दिलं. तरी जवळपास वर्षभराने, ऑगस्ट २०२२मध्ये, ८० हजारांहून अधिक कॅमेरे जुन्याच आवृत्तीवर चालताना आढळले. अशा वेळी पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी उपयोग नाही. भोक प्रोग्रॅममध्येच आहे आणि ते अपडेटनेच बुजतं. केंद्र सरकारने एप्रिल २०२५पासून बाजारात येणाऱ्या नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केली, हे चांगलंच झालं. पण भिंतीवर आधीच टांगलेल्या डब्याची काळजी त्यात येत नाही.

म्हणून माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न एकच : रेकॉर्डर इंटरनेटला जोडलेला आहे का? नसेल, चित्र फक्त खोलीतल्या टीव्हीवर दिसत असेल आणि काही बिघाड नसेल, तर खरोखरच हात लावू नये. जोडलेला असेल तर अपडेट करावं, पण फाईल त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची हवी. डब्यावर धड नावच नसेल तर कुठली तरी फाईल शोधत बसण्यापेक्षा त्याचं इंटरनेट बंद केलेलं बरं. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये घरच्या वाय-फायवर मोबाईलला चित्र तरीही दिसतं. रात्रीची सूचना मात्र येत नाही, आणि उसाला लागून राहणाऱ्याला ती सूचनाच हवी असते. तिथे मग नवा रेकॉर्डर घेण्याचा खर्च मनात धरावा लागतो.

मामांचा डबा नावाचा होता. एका रविवारी सकाळी अकराला बसलो. रात्री हे काम करायचंच नाही, हे आधी ठरवलं होतं. रेकॉर्डर आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतले, सेटिंगच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढला, महत्त्वाचं चित्रण पेन ड्राइव्हवर उतरवलं. सात-आठ मिनिटांत रेकॉर्डर पुन्हा सुरू झाला. चारही चौकटी आल्या. मामी म्हणाली, ‘झालं की!’

झालं नव्हतं. मामा बांधाकडच्या कॅमेऱ्यासमोरून दोनदा चालत गेले, पण मोबाईल वाजला नाही. अपडेटमध्ये हालचालीची सूचना बंद होऊन बसली होती आणि घड्याळ साडेपाच तास मागे गेलं होतं. त्या रात्री बांधावर काहीही फिरलं असतं तरी घर शांत झोपलं असतं. अपडेट करताना यंत्र बंद पडण्याची धास्ती सगळ्यांना असते, पण बंद पडलेलं यंत्र निदान दिसतं. मला जास्त भीती वाटते ती अशा चालू दिसणाऱ्या यंत्राची. फोटो पाहून सगळं पूर्ववत केलं. मामा पुन्हा बांधावर गेले, तेव्हा मोबाईल वाजला.

पासवर्डच्या पानावर आणखी एक गोष्ट सापडली. कॅमेरे बसवणाऱ्याने स्वतःच्या दुकानाचं नाव आणि पुढे १२३ असा पासवर्ड ठेवला होता. मामांनी शेजारच्या वस्तीवर सहज विचारलं, तर तिथेही तोच. आता मामांनी तो बदललाय. नवा काय ठेवला, ते मलाही सांगितलेलं नाही.