सहीपुरते सभासद

गाव करी ते राव न करी, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. सभा-समारंभांत ती हटकून वापरली जाते आणि वापरून झाली की टाळ्या पडतात. पण गावाने नेमके काय करायचे, केव्हा करायचे आणि त्यापायी कोणाची किती मजुरी बुडणार, हा हिशेब म्हणीत येत नाही. गावच्या सरकारी शाळेपुरता तरी तो एकदा मांडून पाहावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम एक कबुली देतो. मी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना माझी आई आमच्या शाळेच्या एसडीएमसीची सभासद होती. एसडीएमसी म्हणजे शाळा सुधारणा व देखरेख समिती. पण हे लांबलचक नाव गावात कोणी घेत नाही. सभा भरायची सकाळी अकराला. जुलै महिना, पाऊस धरलेला, भाताच्या लावणीची घाई. आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीने, गुडघाभर चिखलात. सभेला जायचे तर दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. मग मुख्याध्यापक ठरावाची वही माझ्या हाती देत आणि म्हणत, "आईची सही घेऊन ये रे." मी वही दप्तरात घालून न्यायचा, आई हात धुऊन पदराला पुसायची आणि सही करायची. आत काय लिहिले आहे हे तिने कधी विचारले नाही, मीही कधी वाचून दाखविले नाही. ठराव कन्नडमध्ये असे. आईला कन्नड वाचता येत नव्हते; मला अडखळत का होईना येत होते. त्या वर्षी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला, असे फार पुढे कळले. स्वच्छतागृहाच्या दाराला मात्र वर्षभर कुलूपच होते. त्या खर्चावर आईची सही होती, आणि ती सही मीच आणून दिली होती.

हे सांगण्यात मुख्याध्यापकांची निंदा करण्याचा हेतू नाही. शिकविणे, जेवणाचा हिशेब, निवडणुकीचे काम, वर पाठवायची माहिती, हे सारे त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर होते. सभा भरली नाही तरी कागद भरावाच लागे. कागद भरला की सर्वांचे समाधान होई. प्रश्न असा आहे की, ज्या समितीने शाळेवर देखरेख ठेवायची तिला कागद भरण्यापुरतीच कोणी केली?

कायदा पाहिला तर तो मोठा उदार आहे. डॉ. राजा रामण्णा यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षणविषयक कृतिदलाच्या शिफारशींनंतर कर्नाटक सरकारने २००१ साली या समित्या स्थापन केल्या. पुढे २००९ सालचा शिक्षण हक्क कायदा आला व तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया हव्यात. दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. समितीने शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवायचे, आलेल्या पैशाचा विनियोग पाहायचा आणि शाळेचा विकास आराखडा तयार करायचा. २२ वे कलम तर असे सांगते की, सरकारी अनुदानाची आखणी याच आराखड्याच्या आधारे व्हावी. अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांच्या समित्यांना २०१२ च्या दुरुस्तीने केवळ सल्ला देण्याचा अधिकार ठेवला. पण सरकारी शाळांच्या समित्यांचे अधिकार पुस्तकात शाबूत आहेत. म्हणजे माझ्या आईला कायद्याने जो अधिकार दिला होता तो काही लहान नव्हता. तो वापरायला लागणारा अर्धा दिवस मात्र तिला कोणी दिला नाही.

याहून अवघड अशी एक गोष्ट आहे आणि ती आपल्याच घरची आहे. समितीवर यायचे तर मूल त्या शाळेत असावे लागते. नियम रास्त आहे. पण त्याचा परिणाम पाहा. गावात ज्याला चार शब्द बोलता येतात, ज्याची कचेरीत ओळख आहे, ज्याला अर्ज लिहिता येतो, त्याचे मूल सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून शहरातल्या इंग्रजी शाळेत जाते. तो शाळेतून गेला, म्हणजे समितीतूनही गेला. मागे राहतात ते रोजगारी, ऊसतोडीला जाणारे, घरात एकटीने संसार ओढणाऱ्या बाया. ज्यांना आवाज आहे त्यांना शाळेची गरज उरली नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांचा आवाज कचेरीपर्यंत पोचत नाही. सरकारी शाळेच्या अनेक दुखण्यांचे मूळ येथे आहे, असे मला वाटते.

आमच्याही घरी हेच झाले. वडिलांना उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कायमची नोकरी लागली आणि धाकट्या भावाचे नाव आम्ही इंग्रजी शाळेत घातले. मी शाळेतून बाहेर पडलो, भाऊ आत आलाच नाही, आणि आईचे सभासदत्व संपले. आज मी महाविद्यालयाच्या व्यासपीठावरून मराठी शाळा वाचल्या पाहिजेत असे सांगतो, तेव्हा ती पिवळी व्हॅन माझ्या डोळ्यांपुढून जाते. आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यांपुढून ती जात असेल, हे ज्याने त्याने आपल्याशी पाहावे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले. त्या कलमाचा उच्चार आपण आवेशाने करतो. तो करावाही. पण शाळा आहे आणि वर्गात मूल नाही, अशी वेळ आली तर ते कलम कोणासाठी मागायचे? सीमाप्रश्नाचा निकाल केव्हा लागायचा तेव्हा लागो. गल्लीतले मूल याच जूनमध्ये पहिलीत जायचे आहे.

शाळा ही गावाची आणि तिचा भार सरकारचा, हा विचार आपल्याला नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे अशी मागणी होती. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचे ठरविले. आपला जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. जुनी माणसे अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात ती त्यामुळेच. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने तर ज्या वाड्यावस्त्यांवर सरकार पोचले नव्हते तेथे शेकड्यांनी व्हॉलंटरी शाळा चालविल्या, आणि मागाहून त्या स्कूल बोर्डाच्या स्वाधीन केल्या. यातली शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लोकांनी काम सुरू केले, ते निभावून दाखविले आणि मग ते सरकारच्या पदरात घातले. लोकांनी कायमचे सरकारचे ओझे वाहावे, असा त्याचा अर्थ नव्हता.

येथे आमच्या एका प्राध्यापकांनी घेतलेला आक्षेप नोंदविला पाहिजे. ते म्हणाले, "तुम्ही पोरे शाळेत जाऊन फुकट शिकवाल, आणि सरकार म्हणेल, काम तर चालले आहे, शिक्षक कशाला नेमायचा?" आक्षेप खरा आहे. पाचवीपर्यंतच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० पर्यंत तीन, असे कायदा सांगतो. ही सरकारने द्यायची वस्तू आहे. ती स्वयंसेवकाने भरून काढायची नाही. अतिथी शिक्षकांवर वर्षानुवर्षे शाळा चालविणे हीच मुळात पळवाट आहे. बिनपगारी विद्यार्थ्यांवर चालविणे ही तिच्याही पुढची पळवाट होईल. म्हणून मला वाटते, स्वयंसेवकाची जागा फळ्यासमोर नसून समितीच्या पाठीशी आहे. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर ती आपण झाकू नये. ती रिकामी आहे हे कागदावर आणावे आणि तो कागद योग्य टेबलावर पोचविण्यासाठी समितीला हात द्यावा.

हे कसे साधते याचे एक लहानसे उदाहरण नुकतेच पाहिले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. एकाच आवारात मराठी शाळा आणि कन्नड शाळा, मध्ये एक चिंचेचे झाड. दोन शाळा, दोन समित्या. आवारात नळाचा कट्टा बांधलेला, पण नळाला पाणी नाही. मुले घरून बाटल्या आणीत. ज्यांच्या संपत ती तहानेली बसत. मराठी शाळेने पंचायतीला एक अर्ज दिला होता, कन्नड शाळेने दुसरा. दोन्ही अर्ज फायलीत पडून होते. आमच्यातल्या कन्नड विभागाच्या एका विद्यार्थिनीने सुचविले की, सभा सकाळी न घेता रात्री साडेसातला देवळाच्या सभामंडपात घेऊ, आणि दोन्ही समित्यांची एकत्र घेऊ. त्या रात्री आले तेवढे पालक अकराच्या सभेला कधीच आले नव्हते. बाया कडेवर मुले घेऊन आल्या. जुने परिपत्रक तिने कन्नडमधून वाचले, मी मराठीत सांगितले. एकच अर्ज लिहिला, दोन्ही अध्यक्षांनी त्यावर सही केली, आणि सही करण्यापूर्वी तो दोन्ही भाषांत मोठ्याने वाचला गेला. तीन आठवड्यांनी नळाला पाणी आले. त्याच सभेत मराठी शाळेला एक शिक्षक कमी असल्याचाही ठराव झाला. तो शिक्षक अद्याप आलेला नाही. पण आता ठराव कशाचा आहे हे गावाला ठाऊक आहे आणि दर महिन्याला कोणीतरी कचेरीत जाऊन विचारते.

या अनुभवावरून मला आपल्या महाविद्यालयापुढे तीन साध्या सूचना ठेवावयाच्या आहेत. पहिली अशी की, राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करायचे असते. हे तास आपण भिंत रंगविण्यात आणि रोपे लावण्यात घालवितो; रोपे पुढच्या उन्हाळ्यात वाळतात आणि पुढच्या शिबिरात आपण त्याच खड्ड्यांत नवी लावतो. त्याऐवजी एका तुकडीने एक शाळा धरावी आणि दोन वर्षे सोडू नये. आठवड्याला दोन तास दिले तरी चाळीस आठवड्यांत ऐंशी तास होतात. दुसरी सूचना म्हणजे आपण वाचक व्हावे. कचेरीचे कागद कन्नडमध्ये येतात आणि मराठी पालकांना ते कळत नाहीत. कन्नड पालकांनाही कचेरीची कन्नड कळतेच असे नाही. आपल्या पिढीला दोन्ही भाषा येतात. या मासिकाला दोन विभाग आहेत ते काय केवळ पाने वाटून घेण्यासाठी? ठरावावर अंगठा किंवा सही पडण्यापूर्वी तो मोठ्याने वाचला जावा, एवढे काम दोन्ही विभागांनी मिळून उचलले तरी पुष्कळ होईल. तिसरी सूचना प्राध्यापकांसाठी आहे. शाळेचा विकास आराखडा ही कायद्यातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. वर्ग किती, मुले किती, शिक्षक किती कमी, छप्पर कोठे गळते, हे नीट मांडण्यास समितीला साहाय्य करणे, ही अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कोणत्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा चांगली परीक्षा ठरेल.

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. समितीचे सभासद पालक आहेत. आपण पाहुणे आहोत. शिकलेला माणूस सभेत गेला की तोच बोलू लागतो आणि बाकीचे माना डोलावतात. तसे झाले तर कालपर्यंत मुख्याध्यापकांच्या सांगण्यावरून होणाऱ्या सह्या उद्यापासून आपल्या सांगण्यावरून होतील, एवढाच फरक पडेल. आपण वाचून दाखवावे, विचारले तर सांगावे आणि गप्प बसावे. गप्प बसणे ही सेवा सर्वांत कठीण, हे मी त्या देवळातल्या सभेत शिकलो.

शिबिराहून परतल्यावर ही सारी हकिकत मी आईला सांगितली. ती भाकरी थापीत होती. सगळे ऐकून घेऊन तिने विचारले, "मग तेव्हा त्या वहीत काय लिहिलेलं असायचं रे?" मला उत्तर देता आले नाही. वही माझ्या दप्तरात होती, अक्षरे मला लागत होती, आणि घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता चांगला दहा मिनिटांचा होता. आज तशीच वही कोणत्यातरी गावात कोणत्यातरी मुलाच्या दप्तरातून चालली असेल. ती वाटेत उघडून वाचणारा कोणीतरी त्या मुलाला भेटावा, एवढीच अपेक्षा आहे.

— तृतीय वर्ष, कला