विश्लेषण : जंताची गोळी एकट्या मुलाला देऊन का भागत नाही?

मूल रात्री झोपेत सारखे शीच्या जागी खाजवते, सकाळी चिडचिड करते, शाळेत पेंगते. घरात निदान ठरलेले असते : ‘गोड फार खातो, जंत झालेत.’ औषधाच्या दुकानातून एक गोळी येते, काही दिवस बरे जातात आणि महिन्याभरात खाज पुन्हा सुरू होते. मग दोष गोळीला दिला जातो, नाही तर मुलाला. खरी चूक असते ती उपचाराच्या पद्धतीत. पिनवर्म हा जंत एका मुलाला झाला तरी आजार घराचा असतो आणि उपचारही सगळ्या घराचाच व्हायला हवा.

पिनवर्म काय आहे?

शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा दिसणारा हा बारीक जंत. शास्त्रीय नाव एन्टेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस. मादी ८ ते १३ मिलिमीटर लांब, नर त्याहून लहान. त्याचा मुक्काम मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात असतो. मूल झोपले की मादी गुदद्वाराबाहेर येते आणि आजूबाजूच्या त्वचेवर १० हजारांहून अधिक अंडी घालते. रात्रीची खाज यामुळेच. खाजवताना अंडी नखांत अडकतात, तेच बोट तोंडात जाते. ४ ते ६ तासांत ही अंडी संसर्ग करण्याच्या स्थितीत येतात. अंडे पोटात गेल्यापासून नव्या मादीने अंडी घालेपर्यंत साधारण महिना जातो. खाज महिन्याभराने परतते, त्याचे कारण हे.

गोड खाल्ल्याने जंत होतात?

नाही. साखर-गुळाचा याच्याशी संबंध नाही. कुत्र्या-मांजरांचाही नाही, कारण पिनवर्म माणसाकडूनच माणसाला होतो. त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. चड्डी, चादर, खेळणी, दाराची कडी यांवर ती दोन ते तीन आठवडे टिकू शकतात. अंथरूण-पांघरूण झटकले की हवेत उडून नाकातोंडातही जातात. त्यामुळे पाळणाघर, बालवाडी, वसतिगृह आणि सगळे एकत्र झोपतात अशा घरात ती सहज पसरतात. हे अस्वच्छ किंवा गरीब घराचे लक्षणही नाही. अमेरिकेत सर्वाधिक आढळणारा जंतसंसर्ग पिनवर्मचाच आहे. तरीही आपल्याकडे लाजेपोटी हा विषय दडवला जातो आणि तेवढा काळ संसर्ग पसरत राहतो.

मग त्रास किती गंभीर?

हा आजार जिवावर बेतणारा नाही. अनेकांना तर कोणतीच लक्षणे नसतात. म्हणूनच तो हसण्यावारी नेला जातो. पण रोज झोपमोड होणारे मूल दिवसा चिडते, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि त्याला ‘हट्टी’ म्हणून बोलणी बसतात. खाजवून त्वचा सोलवटते, तिथे जिवाणूंचा संसर्ग होतो. मुलींमध्ये जंत योनीमार्गाकडे जाऊन खाज, जळजळ, स्राव होऊ शकतो. अशा वेळी नुसती मलमे बदलत राहण्यापेक्षा जंतांची शंका घेतलेली बरी.

शौचाच्या तपासणीत हे जंत बहुधा सापडत नाहीत, म्हणून तो रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला तरी निर्धास्त होऊ नये. सकाळी उठल्या उठल्या, शौच आणि अंघोळीच्या आधी, गुदद्वाराजवळ पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे ही खरी चाचणी. ती सलग तीन दिवस केल्यास निदान अधिक खात्रीचे होते.

शाळेत मिळणारी गोळी पुरत नाही का?

देशात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोल दिले जाते. मोहिमेचा रोख दूषित मातीतून पसरणाऱ्या जंतांवर आहे आणि त्यासाठी ती आवश्यकच आहे. अल्बेंडाझोल पिनवर्मवरही चालते. मात्र औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. घरातल्या इतरांनाही, लक्षणे नसली तरी, त्याच वेळी औषध द्यावे लागते. अन्यथा एकाकडून दुसऱ्याकडे हा फेरा चालूच राहतो. दोन वर्षांखालील मुले आणि गर्भवती यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध देऊ नये.

घरात आणि शाळेत काय बदलायला हवे?

औषध घेतल्यानंतरचे दोन आठवडे महत्त्वाचे. नखे बारीक कापावीत. सकाळी उठताच अंघोळ घालून चड्डी बदलावी. चादरी, टॉवेल न झटकता गोळा करून गरम पाण्यात धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे सगळ्यांनाच बंधनकारक हवे, मोठ्यांनाही.

पण सगळा भार आईवर टाकून चालणार नाही. ज्या शाळेत नळाजवळ साबण नाही, तिथे हात धुण्याचे धडे देऊन उपयोग काय? जंतनाशक दिनी गोळीबरोबर पालकांपर्यंत एवढाही निरोप पोहोचला पाहिजे : रात्री खाज सुटत असेल तर एका गोळीवर थांबू नका, घरातल्या सगळ्यांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्या. आशा सेविका आणि शिक्षकांना हे सांगायला दोन मिनिटे पुरतील. संसर्ग झालेल्या मुलाला घरी बसवण्याची किंवा वर्गात वेगळे काढण्याची गरज नाही. तसे केले, तर पुढच्या वेळी ते मूल खाज सुटली तरी कोणाला सांगणार नाही.