मागच्या सीटवरच्या माणसाचा विमा

आरटीओच्या आवाराबाहेरच्या टपऱ्यांवर, पीयूसीच्या गाडीजवळ, पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी एक वाक्य रोज ऐकू येते : "पोलिसाला दाखवण्यापुरतं करून द्या." हे म्हणणारा माणूस बेजबाबदार असतो असे मी मानत नाही. मुलांची फी, सिलिंडर, किराणा यांचा हिशेब लावून उरलेल्या पैशांत दुचाकी चालवणारा तो गृहस्थ असतो, आणि त्याचे म्हणणे खोडायचे तर आधी ते पुरते ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणतो, गाडी माझी, ती जुनी, विकायला काढली तर पंधरा हजारही यायचे नाहीत. मी ती जपून चालवतो, कुणाला आजवर धक्का लागलेला नाही. विमा कंपन्या हप्ता तेवढा घेतात आणि वेळ आली की कलमे दाखवतात. तेव्हा कायदा मागतो तेवढेच करावे, तेही चलान टाळण्यापुरते.

या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे आणि तो मी पुढे मान्य करणार आहे. पण त्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. कायद्याने सक्तीचा केलेला विमा त्याच्या गाडीचा नाहीच. गाडी पंधरा हजारांची असो की पंधरा लाखांची, तिला स्वतःला काय झाले याच्याशी या सक्तीला कर्तव्य नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातली ही तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली, आणि आज १९८८ च्या कायद्याचे कलम १४६ तेच सांगते : सार्वजनिक जागी वाहन आणायचे असेल, तर त्याच्यामुळे इतरांना होणाऱ्या इजेची भरपाई करणारी पॉलिसी हवी. हा विमा रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीचा, सायकलवरच्या पोराचा, समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याचा आहे. हप्ता आपण भरतो, हक्क त्यांचा असतो.

जुन्या गाडीचे म्हणणे इथेच गळून पडते. जुन्या स्कूटरच्या धक्क्यानेही माणूस दगावतो, आणि त्याची किंमत स्कूटरच्या किमतीवरून ठरत नाही. ती कशी ठरते ते आकड्यांतच पाहू. तीस वर्षांचा एक भाजीविक्रेता, महिना वीस हजार मिळवणारा, घरी बायको, दोन मुले आणि आई. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेल्या रीतीने वर्षाच्या २ लाख ४० हजारांत पुढे वाढणाऱ्या कमाईचे चाळीस टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा आणि वयानुसार सतराने गुणायचे. उत्तर येते ४२ लाख ८४ हजार, आणि अंत्यविधीसारख्या खर्चाच्या ठरीव रकमा त्यावर आणखी. पॉलिसी असेल तर ही रक्कम कंपनी भरते. मृत्यू आणि शारीरिक इजेसाठी तिच्या जबाबदारीला वरची मर्यादा नाही. पॉलिसी नसेल तर ती मालकाने भरायची, आणि त्याने भरली नाही तर कलम १७४ नुसार जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. मालकाकडे काहीच नसेल, तर त्या भाजीविक्रेत्याच्या बायकोच्या हाती निकालाचा कागद राहतो. विमा नसल्याची खरी शिक्षा तिला होते.

याच्या शेजारी हप्ता ठेवून पाहावा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा या सक्तीच्या, म्हणजे थर्ड पार्टी, विम्याचा हप्ता वर्षाला ७१४ रुपये आहे. करासह धरला तरी दिवसाला अडीच रुपयांच्या आत. हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा २,०९४ रुपये. विनाविमा पकडले गेल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. असे असूनही देशातली निम्म्याच्या आसपास वाहने विनाविमा फिरतात आणि त्यांत दुचाकींचा भरणा मोठा आहे. हप्ता परवडत नाही हे कारण मला पटत नाही. परवडत नाही तो दंड, आणि त्याहून कितीतरी पटीने तो निकाल. आपण जपून चालवतो हा विश्वास मात्र खरा असतो, आणि त्याबद्दल आदरच आहे. पण भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत जपून चालवणारे असंख्य असणार.

आता कंपन्यांविषयीची तक्रार. ती पुरती खोटी नाही, फक्त दोन वेगळ्या गोष्टी तिच्यात मिसळल्या आहेत. थर्ड पार्टी दाव्यात कंपनीला हात झटकायला कायद्याने फार थोडी वाट ठेवली आहे. चालकाच्या परवान्यात खोट निघाली, तरी स्वरण सिंह प्रकरणाच्या २००४ च्या निकालापासून न्यायाधिकरणे बहुधा कंपनीला आधी पीडिताला पैसे द्यायला लावतात आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगतात. दावा आपण राहतो त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो. अपघात सोलापूरजवळ झाला म्हणून रत्नागिरीच्या विधवेने सोलापूरला खेटे घालायचे कारण नाही. निकालाला वर्षे लागतात हे दुखणे खरे आहे, आणि त्यावर वेगळे भांडायलाच हवे. पण ते न्यायव्यवस्थेचे दुखणे आहे, विमा न काढण्याचे कारण नव्हे.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा हा सगळा निराळा करार आहे. तिथे "फुल्ल इन्शुरन्स" या बोलण्याने लोकांचा घात केला आहे. फुल्ल असे काही नसते. रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांची किंमत देताना साध्या पॉलिसीत निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी कापतात. ते टाळायला झीरो डेप वेगळे घ्यावे लागते. पाचव्या वर्षाच्या अखेरीस गाडीचे विमामूल्य निम्म्यावर आलेले असते, आणि हप्ता कमी दिसावा म्हणून ते आणखी खाली लिहून घेतले, तर चोरीच्या वेळी तेवढेच हाती पडते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत अगणित गाड्या बुडाल्या. पुराचे नुकसान साध्या पॉलिसीत येते. पण पाण्यातल्या गाडीला स्टार्टर मारला की सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि सर्व्हेअर लिहितो की हे पुराने झाले नाही, गाडी सुरू केल्याने झाले. इंजिन प्रोटेक्शन नसेल तर ते बिल मालकाचे. हे गाडी विकणारा आणि विमा विकणारा दोघांनीही खरेदीच्या दिवशी सांगायला हवे, आणि ते सांगत नाहीत, यावर माझे तक्रारदाराशी पूर्ण एकमत आहे.

आणखी एक सवय आपल्याकडे फार आहे. गाडी ओळखीत विकायची, पैसे मोजून घ्यायचे, आरसी बुकावरचे नाव "बघू सावकाश" म्हणून तसेच ठेवायचे. नवीनकुमार प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच मालक. गाडी चार हात फिरून परभणीला गेली आणि तिथे कुणाला उडवले, विमा संपलेला असला, तर नुकसानभरपाईची नोटीस पुण्यातल्या पहिल्या मालकाच्या दारी येते. नाव बदलून दिल्याशिवाय किल्ली देऊ नये.

इथवरचे म्हणणे कायद्याच्या बाजूचे झाले. आता कायदाच जिथे अपुरा आहे तिथे येतो.

नवरा गाडी चालवतो आहे, बायको मागे. रंग उडालेला गतिरोधक, त्यावर पसरलेली खडी, गाडी घसरते, बायकोच्या डोक्याला मार लागतो आणि ती जाते. दुसरे वाहन नाही. पॉलिसी आहे, चालू आहे, हप्ता वेळेवर भरलेला आहे, पण ती फक्त थर्ड पार्टीची. तिच्या मुलांना त्या पॉलिसीतून काय मिळते? कंपनीकडून काही नाही. तिलक सिंह (२००६) आणि सुधाकरन (२००८) या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भाडे न देता दुचाकीवर मागे बसलेला माणूस सक्तीच्या विम्याच्या कक्षेत येत नाही. चूक समोरच्या वाहनाची असती, तर त्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मिळाली असती. चूक आपल्याच चालकाची असली की दार बंद.

मालकाची स्थिती बघा. २०१८ पासून मालक-चालकासाठी १५ लाखांचे व्यक्तिगत अपघात कव्हर सक्तीचे आहे. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी अमर्याद जबाबदारी आहे. आणि मालकाच्या कमरेला धरून बसलेल्या त्याच्या आईसाठी सक्तीच्या विम्यात एक रुपया नाही. मित्राची गाडी मागून नेणाराही असाच उघडा पडतो : निंगम्मा प्रकरणात २००९ मध्ये न्यायालयाने त्याला मालकाच्या जागी उभे केले, म्हणून तो तिसरा पक्ष उरला नाही, आणि कागदोपत्री मालक नसल्याने मालकाचे कव्हरही त्याला मिळेलच असे नाही.

सर्वसमावेशक पॉलिसी घेतली तर मागे बसणारा तिच्यात येतो. विमा नियामकाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते स्पष्ट केले आहे. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की ज्या दुचाकीवर रोज दोघे बसतात तिच्यासाठी पोलिसापुरती पॉलिसी घेऊ नये. गाडी जुनी असली तरी सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज, पॉलिसी मागावी. नवीन दुचाकीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी मिळतो, पण स्वतःच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. तो संपल्याची तारीख घरातल्या दोघांनाही ठाऊक असावी. मागे बसणाऱ्यासाठी वेगळे व्यक्तिगत अपघात कव्हरही मिळते, मात्र त्याची रक्कम तोकडी असते.

यावर आक्षेप येतो की ज्याला हवे त्याने जास्तीची पॉलिसी घ्यावी, सक्ती कशाला? हा आक्षेप १९४६ च्या सक्तीलाही तसाच लागू होता, आणि तेव्हा तो फेटाळला गेला, कारण विमा घ्यायचा की नाही हे ठरवणारा एक आणि न घेतल्याचे भोगणारा दुसरा असतो. मागे बसणाऱ्याची गोष्ट अगदी हीच आहे. गाडीची पॉलिसी कोणती हे बायको, आई, कॉलेजातली मैत्रीण यांपैकी कुणी ठरवत नाही.

दुसरा आक्षेप, की मागे बसणारा स्वखुशीने बसतो, धोका पत्करून बसतो. संध्याकाळची शेवटची एसटी गेल्यावर तालुक्याच्या दवाखान्यातून घरी परतणाऱ्या बाळंतिणीची स्वखुशी कोणती? आणि कायद्याला मागे बसणारा दिसत नाही असेही नाही. कलम १२८ सांगते, मागे एकालाच बसवा आणि पक्क्या सीटवर बसवा. कलम १२९ सांगते, त्यानेही हेल्मेट घातले पाहिजे. जबाबदारी आणि दंडाच्या वेळी ज्याला कायदा ओळखतो, त्याला भरपाईच्या वेळी परका ठरवणे अन्याय्य आहे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे : हप्ता वाढेल आणि आज विमा काढणारेही उद्या काढणार नाहीत. हप्ता काही प्रमाणात वाढेल हे मी मान्य करतो. पण लोक विमा काढत नाहीत ते मुख्यतः पकडले जात नाहीत म्हणून. कोणत्या नंबरच्या गाडीचा विमा संपला हे सरकारच्या वाहन प्रणालीवर दिसते. त्या नोंदीवरून नोटीस काढणे अशक्य नाही. विमा काढणाऱ्यांची संख्या वाढली की वाढीव जोखीम जास्त डोक्यांवर वाटली जाते. आणि वाढ नेमकी किती होईल याचा हिशेब आजवर लोकांपुढे ठेवलेला नाही, तेव्हा तिच्या धाकाने गप्प बसण्याचे कारण नाही.

हे संसदेला अवघडही नाही. माल वाहणाऱ्या टेम्पोत आपल्या कांद्याच्या गोण्यांबरोबर बसून बाजाराला जाणारा शेतकरी एके काळी असाच विम्याच्या बाहेर होता. १९९४ च्या दुरुस्तीने कलम १४७ मध्ये मालाच्या मालकाचा आणि त्याच्या प्रतिनिधीचा उल्लेख आला आणि तो आत आला. त्याच कलमात दुचाकीवर मागे बसणाऱ्याचे नाव घालावे, आणि त्यापोटी हप्त्यात किती रुपये वाढतील तो आकडा विमा नियामकाने आधी जाहीर करावा.