ब्लूप्रिंट आधी हाताने करून बघा

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे 'विकासाची ब्लूप्रिंट' मांडायची चढाओढ लागते. हा शब्द भाषणात वजनदार वाटतो, पण मूळ वस्तू अगदी साधी आहे. तिचे खरे नाव सायनोटाइप. लोहाचे दोन क्षार, कागद, ऊन आणि पाणी एवढ्यावर ती होते. इमारतींचे आणि यंत्रांचे आराखडे कित्येक वर्षे याच पद्धतीने निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनी उमटत असत. गेल्या उन्हाळ्यात मी ती करायला शिकलो आणि माझे मत पक्के झाले, की आठवी-नववीतल्या प्रत्येक मुलाने ती एकदा तरी स्वतःच्या हाताने करावी.

कृती अशी. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड विरघळवायचे. मंद दिव्याच्या उजेडात दोन्ही द्रावणे समप्रमाणात मिसळून ब्रशने जाड कागदावर लावायची आणि कागद अंधारात वाळवायचा. त्यावर पान ठेवून वर काच दाबायची आणि उन्हात न्यायचे. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे लोहाचे रूप बदलते आणि पाण्यात न विरघळणारा निळा रंग तयार होतो. पानाच्या सावलीतला क्षार मात्र साध्या पाण्याने धुऊन जातो आणि तिथे पांढरी आकृती राहते.

हा शोध १८४२ सालचा, खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांचा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या ॲना ॲटकिन्स या बाईंनी समुद्रशेवाळांचे ठसे या पद्धतीने घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. प्रस्तावनेखाली त्यांनी पूर्ण नावसुद्धा घातले नाही, फक्त 'ए. ए.' एवढीच अक्षरे. रॉयल सोसायटीने स्त्रियांना सदस्य करून घेतले ते थेट १९४५ मध्ये. ज्या काळात विज्ञानाची मोठी दारे बंद होती, त्या काळात एका बाईने कागद, ऊन आणि पाणी यांच्या बळावर शास्त्राला उपयोगी पडेल असे काम उभे केले.

आता आपल्या शाळांकडे बघू. कित्येक ठिकाणी प्रयोग फळ्यावरच होतो. निरीक्षण आणि निष्कर्ष सर सांगतात, मुले उतरवून घेतात, आणि मित्राच्या जर्नलवरून आकृती काढून सही मिळवतात. न पाहिलेल्या गोष्टीचे निरीक्षण लिहायची ही सवय मला परीक्षेतल्या कॉपीपेक्षा जास्त घातक वाटते, कारण ती शिक्षकांच्या संमतीने लागते. सायनोटाइपमध्ये तशी सोय नाही. पान हलले तर कडा धूसर येतात, ऊन कमी पडले तर निळा फिका येतो. ठसा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकला की रंग उडतो, आणि अल्कली म्हणजे काय ते पाठ करावे लागत नाही. उजेडात फिका पडलेला ठसा काही दिवस अंधारात ठेवला की रंग बराचसा परत येतो. 'असे का?' हा प्रश्न मग मूल आपणहून विचारते.

नावातले 'सायनाइड' ऐकून पालक दचकतात. खरे तर 'सायनो' म्हणजे निळा, आणि त्या विषाला नाव मिळाले ते या निळ्या रंगावरून. तरीही मोठ्या माणसाने समोर असावे, हातमोजे घालावेत, आणि तीव्र आम्ल किंवा उष्णता या क्षारांजवळ आणू नये.

'मोबाइलमध्ये एका सेकंदात फोटो निघतो, मग हा उद्योग कशाला?' असेही विचारतात. फोटो हवा असेल तर मोबाइलच बरा. पण तो कसा निघाला, हे मोबाइल मुलाला दाखवत नाही.

ऊन आपल्याकडे भरपूर आहे. परीक्षा संपल्यावर शाळेची गच्ची आठवडाभर मुलांच्या ताब्यात द्या, आणि जर्नलमध्ये त्यांनी स्वतः काढलेला एक तरी ठसा चिकटवलेला असू द्या. तो वाकडा असला तरी चालेल.